ही फाइल सध्या कुणाकडे आहे?

भोसरीतल्या आमच्या डिझाइन विभागात दिवसातून एकदा तरी कुणीतरी खुर्ची मागे सरकवून मोठ्याने विचारते, "बेस फ्रेमचे ड्रॉइंग कुणाकडे उघडे आहे?" त्यावर थोडा वेळ कुणीच बोलत नाही, कारण ज्याच्याकडे ते उघडे असते तो बहुधा चहाला किंवा खाली शॉप फ्लोअरवर गेलेला असतो. विचारणाऱ्याच्या पडद्यावर तोपर्यंत ऑटोकॅडची, म्हणजे आम्ही ज्यात ड्रॉइंगे काढतो त्या प्रोग्रॅमची, ती परिचित चौकट आलेली असते: ही फाइल अमुक व्यक्ती वापरत आहे, तुम्हाला ती रीड ओन्ली, म्हणजे फक्त वाचण्यापुरती, उघडायची आहे का? एसपीएम, म्हणजे एकेका ग्राहकाच्या गरजेप्रमाणे घडवायची यंत्रे, यांचे डिझाइन करण्यात माझी सोळा वर्षे गेली. या काळात ही चौकट इतक्या वेळा समोर आली की तिच्यातला प्रश्न मी वाचेनासाच झालो होतो. बोट आपोआप 'हो'वर जात असे. आमच्या विभागात ड्रॉइंगांच्या ज्या गफलती झाल्या, त्यांतल्या बहुतेक त्या 'हो'नंतरच्या आहेत.

मुळात 'रीड ओन्ली' हा एकच शब्द आम्ही चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि घोळाची सुरुवात तिथेच होते. पहिली गोष्ट म्हणजे कुलूप: दुसऱ्या कुणी फाइल उघडली आहे, म्हणून तेवढ्या वेळेपुरती ती मला बदलता येत नाही. दुसरी म्हणजे फाइलच्या प्रॉपर्टीजमधली ती छोटी खूण, जी कुणीही लावू शकतो आणि कुणीही काढू शकतो. तिचे मोल दारावर लावलेल्या 'कृपया आत येऊ नये' या पाटीइतकेच आहे. तिसरी म्हणजे सर्व्हरवर दिलेली परवानगी, जी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने ठरवलेली असते आणि फाइल उघडी असो वा बंद, कायम लागू असते. आणि चौथी म्हणजे जबाबदारी: या ड्रॉइंगमधल्या मापांबद्दल उद्या प्रश्न आला तर उत्तर कोण देणार? चौथी गोष्ट संगणकाला ठाऊकच नसते. तरीही पहिल्या तिन्हींची व्यवस्था लावली की चौथी आपोआप लागते, असे आम्ही कित्येक वर्षे धरून चाललो होतो.

आधी कुलपाबद्दल. ऑटोकॅडमध्ये एखादे ड्रॉइंग उघडले की त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाच्या, पण डीडब्ल्यूएल आणि डीडब्ल्यूएल२ अशी शेपटे असलेल्या दोन लहानशा लपलेल्या फायली तयार होतात. त्यांत उघडणाऱ्याचे लॉगिन नाव, संगणकाचे नाव आणि उघडल्याची तारीख-वेळ एवढेच लिहिलेले असते. 'हूहॅज' ही आज्ञा दिली की ऑटोकॅड हीच माहिती वाचून दाखवते. ड्रॉइंग नीट बंद झाले की या फायली नाहीशा होतात, पण वीज गेली किंवा प्रोग्रॅम कोसळला तर त्या मागे राहतात. आमच्या एका सहकाऱ्याची अशी ठाम समजूत होती की याच फायली म्हणजे कुलूप आणि त्या पुसल्या की फाइल मोकळी होते. वस्तुतः त्या फक्त दारावरच्या नावाच्या पाटीसारख्या आहेत. खरे कुलूप विंडोज घालते, कारण ऑटोकॅडने ती ड्रॉइंग फाइल सर्व्हरवर उघडून धरून ठेवलेली असते. ते सोडवायचे झाल्यास सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये जाऊन, शेअर्ड फोल्डर्सखाली उघड्या फायलींची यादी पाहून, तिथून ती बंद करावी लागते. तेही त्या माणसाला विचारल्याशिवाय करू नये, कारण त्याच्या पडद्यावर दोन तासांचे सेव्ह न केलेले काम असू शकते.

या पाटीवरचे नावसुद्धा आमच्याकडे बराच काळ निरुपयोगी होते. आमच्या पाचही संगणकांवर एकच लॉगिन होते, 'डिझाइन'. नवीन मुलगा आला की प्रत्येक वेळी नवे खाते काढायचा कंटाळा, एवढेच त्यामागचे कारण. त्यामुळे फाइल कुणाकडे आहे असे विचारले की ऑटोकॅड इमानेइतबारे सांगे, 'डिझाइन'कडे आहे. संगणकाच्या नावावरून काही कळावे, तर ती नावेही विक्रेत्याने बसवून दिलेली आकडे-अक्षरांची जंत्री. लहान कंपन्यांत ही स्थिती सर्रास असते आणि माझ्या मते फायलींच्या मालकीविषयी काहीही करायचे असेल तर पहिले पाऊल महागडी प्रणाली विकत घेणे हे नसून प्रत्येक माणसाला त्याच्या स्वतःच्या नावाचे लॉगिन देणे हे आहे. आमच्याकडे त्याला एक शनिवार पुरला.

आता तो 'हो'. रीड ओन्ली उघडलेल्या ड्रॉइंगमध्ये ऑटोकॅड तुम्हाला सगळे काही करू देते. रेषा पुसा, मापे बदला, नोट्स लिहा. ते कुठेही अडवत नाही. अडवते ते शेवटी, सेव्ह करताना, आणि अडवतानाही सौजन्याने सुचवते की दुसऱ्या नावाने सेव्ह करा. एका बेअरिंग हाउसिंगच्या बाबतीत आमचे नेमके असेच झाले. एक जण बोल्टांच्या भोकांची पीसीडी, म्हणजे ती भोके ज्या वर्तुळावर पडतात त्याचा व्यास, बदलत होता, कारण ग्राहकाने फ्लँज बदलला होता. त्याच वेळी दुसऱ्याने तेच ड्रॉइंग रीड ओन्ली उघडून बोअरचे, म्हणजे मधल्या मोठ्या भोकाचे, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) सुधारले, आणि सेव्ह होईना तेव्हा फाइलच्या नावापुढे '_१' जोडून त्याच फोल्डरमध्ये ठेवून दिले. सावकाश दोन्ही एकत्र करू, असा त्याचा विचार होता आणि तो प्रामाणिक होता. पहिल्याचे काम दुपारी संपले, दुसऱ्याचे संध्याकाळी. परचेसने दुसऱ्या दिवशी फोल्डर उघडले, त्यातली सर्वांत ताजी तारीख पाहिली आणि '_१'ची पीडीएफ व्हेंडरला पाठवली. बारा नगांवर भोके जुन्याच पीसीडीवर पडली. टॉलरन्स मात्र अगदी बरोबर होते.

यात दोष कुणाचा यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली आणि ती काहीशी कडवटही झाली. मला आजही वाटते की दुसऱ्याने केले ते प्रोग्रॅमने त्याला सुचवलेलेच होते, आणि परचेसने केले ते कुणीही केले असते. चूक एवढीच होती की एका ड्रॉइंगच्या दोन प्रती एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे आम्ही चालवून घेतले होते. त्यानंतर केलेला नियम साधा आहे: रीड ओन्ली उघडलेल्या फाइलमधून माप घ्यावे, प्रिंट काढावी, दुसऱ्या ड्रॉइंगसाठी संदर्भ पाहावा, पण त्यात एकही रेष बदलू नये. बदल हवाच असेल तर प्रिंटवर लाल पेनने खूण करून ती ज्याच्याकडे फाइल उघडी आहे त्याच्या टेबलावर ठेवावी. तरुण मंडळींना हा प्रकार जुनाट वाटला. तो आहेच.

जुनाट म्हणजे किती, ते आमच्या विभागातून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ ड्राफ्ट्समनकडून मी ऐकले आहे. त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांच्या उमेदीच्या काळात मूळ ड्रॉइंग ट्रेसिंगवर शाईने काढलेले असे आणि ते रुंद, उथळ खणांच्या कपाटात आडवे ठेवलेले असे. कुणाला ते हवे असेल तर रेकॉर्ड सांभाळणाऱ्याच्या वहीत सही करून न्यावे लागे. शॉपला मिळत असे ती अमोनिया प्रिंट, आणि तिच्यावर कुणी काहीही खरडले तरी मुळाला धक्का लागत नसे. मूळ बदलायचे म्हणजे अर्ध्या ब्लेडने ट्रेसिंगवरची शाई अलगद खरवडायची, नवे माप लिहायचे, रिव्हिजनच्या रकान्यात तारीख आणि सही करायची, आणि जुन्या प्रिंटा परत घेऊन मगच नव्या द्यायच्या. मूळ एकच असल्यामुळे ते दोघांच्या हाती एकाच वेळी असूच शकत नव्हते, आणि खण रिकामा दिसला की ते बाहेर आहे हे कळत होते. आमच्या फोल्डरमध्ये खण कधी रिकामा दिसत नाही, हीच अडचण आहे. अर्थात अण्णांच्या काळात सगळे आलबेल होते असे नव्हे. परत न आलेल्या जुन्या प्रिंटांवरून काम झाल्याच्या कहाण्या त्यांच्याकडे आमच्यापेक्षा जास्तच होत्या.

सॉलिडवर्क्स या त्रिमितीय डिझाइनच्या प्रोग्रॅमवर आल्यावर प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला, कारण तिथे एक फाइल म्हणजे एक फाइल नसते. एका मशिनच्या असेंब्लीत, म्हणजे सगळे भाग जोडून दाखवणाऱ्या फाइलमध्ये, चारशे-पाचशे पार्ट असतात, प्रत्येक पार्टची स्वतंत्र फाइल असते आणि असेंब्ली उघडताना त्या सगळ्या तिच्यासोबत ओढल्या जातात. सकाळी नऊ वाजता जो माणूस मुख्य असेंब्ली सर्वांत आधी उघडेल, त्याच्याकडे त्या सर्व पार्टांचा लिहिण्याचा हक्क जातो, त्याला त्यांतला एकही पार्ट बदलायचा नसला तरी. त्याला कदाचित फक्त गार्डची जागा पाहायची असेल. उरलेले चौघे मग दिवसभर त्याच्या नावाने बोटे मोडतात. आमच्याकडे काही दिवस तर असे झाले की लवकर येण्यामागे कामाच्या निष्ठेपेक्षा असेंब्ली आधी पकडणे हाच हेतू असे.

यावरचा उपाय प्रोग्रॅममध्येच होता, पण तो मूळ स्थितीत बंद असतो आणि आम्ही तो वर्षानुवर्षे पाहिलाच नव्हता. सिस्टिम ऑप्शन्समध्ये कोलॅबोरेशन नावाचे पान आहे. तिथे अनेकांनी मिळून काम करण्याची सोय सुरू केली की पार्टवर उजवे बटण दाबून 'मेक रीड ओन्ली' म्हणता येते, म्हणजे आपल्याकडचा हक्क फाइल बंद न करता सोडून देता येतो, आणि दुसऱ्याला 'गेट राइट अ‍ॅक्सेस' म्हणून तो घेता येतो. रीड ओन्ली उघडलेल्या फायली दुसऱ्या कुणी बदलल्या आहेत का, हे ठरावीक मिनिटांनी तपासण्याची सोयही त्याच पानावर आहे. एक्स्टर्नल रेफरन्सेस या शेजारच्या पानावर आणखी एक खूण आहे, जिच्यामुळे असेंब्लीसोबत येणारे सगळे पार्ट मुळातच रीड ओन्ली उघडतात आणि ज्याला जो पार्ट बदलायचा असेल तेवढ्याचाच हक्क तो मागून घेतो. मला ही शेवटची पद्धत सर्वांत निरोगी वाटते. आधी सगळे काही आपलेच आहे असे धरून नको ते सोडत बसण्यापेक्षा, आधी काहीच आपले नाही असे धरून हवे तेवढे मागणे बरे. मात्र त्याच पानावर, रीड ओन्ली पार्टमध्ये केलेले बदल सेव्ह करण्याविषयी न विचारता टाकून द्यावेत, अशीही एक खूण आहे. ती विचारपूर्वक लावावी. आमच्या एकाने ती न वाचता लावली आणि एका सकाळचे काम निःशब्दपणे गेले.

ऑटोकॅडमध्ये याचेच धाकटे भावंड एक्सरेफच्या रूपाने भेटते. दुसऱ्याचे ले-आउट आपल्या ड्रॉइंगमागे संदर्भ म्हणून जोडले, तर त्याला ते बदलता येईल की नाही हे एक्सलोडसीटीएल या व्हेरिएबलवर अवलंबून असते. त्याची किंमत १ असेल तर संदर्भाची मूळ फाइल उघडी धरली जाते आणि तिच्या मालकालाच कुलूप बसते. २ असेल, आणि मूळ मांडणीत ती २च असते, तर तिची प्रत करून वाचली जाते आणि मूळ मोकळे राहते. कुणीतरी इंटरनेटवरचा वेग वाढवण्याचा सल्ला वाचून ती १ केली होती. आमचा हायड्रॉलिक्सवाला दोन दिवस स्वतःच्याच ड्रॉइंगबाहेर उभा होता.

परवानग्यांचा भाग मी आधी सोपा समजत होतो. शॉपला आणि परचेसला फक्त वाचण्याचा हक्क, डिझाइनला लिहिण्याचा, झाले. त्यात दोन ठिकाणी ठेच लागली. पहिली अशी की फायली कुणी पुसू नयेत म्हणून आम्ही डिझाइनवाल्यांना लिहिण्याचा हक्क दिला, पण पुसण्याचा काढून घेतला. त्याच दिवशी सेव्ह करताना चुका दिसू लागल्या. कारण ऑटोकॅड सेव्ह करताना जुन्या फाइलमध्येच लिहीत बसत नाही. ते आधी एक तात्पुरती फाइल लिहिते, जुनीचे नाव बदलून ती बीएके या शेपटाने राखून ठेवते आणि तात्पुरतीला मूळ नाव देते. विंडोजच्या दृष्टीने नाव बदलणे हे पुसण्याच्याच हक्काखाली येते. म्हणून अशा फोल्डरवर 'मॉडिफाय', म्हणजे पुसण्यासकट बदलण्याचा हक्क, यापेक्षा कमी देऊन भागत नाही, आणि पुसण्यापासूनचे संरक्षण हक्कांतून नव्हे तर रोजच्या बॅकअपमधूनच मिळवावे लागते.

दुसरी ठेच अधिक फसवी होती. तपासून झालेली ड्रॉइंगे आम्ही 'रिलीज' नावाच्या फोल्डरमध्ये नेत होतो, जिथे सर्वांना फक्त वाचण्याचाच हक्क होता. काही महिन्यांनी लक्षात आले की तिथल्या कित्येक फायली अजूनही बिनदिक्कत बदलता येतात. त्याचे कारण विंडोजच्या जुन्या नियमात आहे: फाइल कॉपी केली तर ती नव्या फोल्डरचे हक्क घेते, पण त्याच ड्राइव्हवर एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवली तर ती आपले जुने हक्क सोबत नेते. आम्ही सगळे कट-पेस्ट करत होतो. म्हणजे माणूस नव्या घरी राहायला गेला, पण जुन्या घराची किल्ली त्याच्या खिशात तशीच राहिली. आता रिलीज करताना कॉपी करतो, हक्क तपासतो आणि मगच मूळ जागेवरची फाइल संग्रहात टाकतो. नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरचे (शेअरवरचे) हक्क आणि डिस्कवरच्या फायलींचे (एनटीएफएसचे) हक्क वेगवेगळे लावले असतील तर नेटवर्कवरून येणाऱ्याला त्यांतले जे अधिक कडक असेल ते लागू होते, हेही तेव्हाच शिकलो.

२०२०च्या टाळेबंदीत या सगळ्यावर पाणी पडले. घरून काम करताना सोय म्हणून आम्ही एक मोठे प्रोजेक्ट क्लाउडवरच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवले. ऑटोकॅडचे कुलूप हे सगळे जण एकाच डिस्कवरची एकच फाइल उघडतात असे धरून चालते. इथे प्रत्येकाच्या संगणकावर त्याची त्याची प्रत होती. दोघांनी एकच ड्रॉइंग उघडले, कुणालाही चौकट दिसली नाही, दोघांनीही सेव्ह केले, आणि फोल्डरमध्ये एकाच्या संगणकाचे नाव जोडलेली जुळी फाइल प्रकट झाली. प्रोग्रॅम लिहिणारा माझा भाचा तेव्हा म्हणाला, "मामा, आम्ही तर रोज एकाच फाइलवर चौघे काम करतो आणि नंतर बदल एकत्र करतो." त्याचे खरे आहे, पण त्याची फाइल म्हणजे ओळींचा मजकूर असतो. डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल, किंवा सॉलिडवर्क्सची फाइल अशी ओळीओळीने जुळवता येत नाही, म्हणून इथे कुलपाला पर्याय नाही. प्रोग्रॅमरांच्या सबव्हर्जन या प्रणालीनेसुद्धा २००५ साली अशा फायलींसाठी खास सोय केली: खूण लावलेली फाइल प्रत्येकाकडे रीड ओन्लीच येते आणि कुलूप घेतल्यावरच लिहिण्याजोगी होते. आम्ही मात्र क्लाउडचा नाद सोडून ऑफिसमधल्या संगणकांवर दुरूनच काम करू लागलो. मंद होते, पण ड्रॉइंग एकच होते.

आता आमच्याकडे पीडीएम, म्हणजे ड्रॉइंगांच्या फायली आणि त्यांच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली, आहे. सॉलिडवर्क्सच्या प्रोफेशनल आणि प्रीमियम परवान्यांसोबत त्याची स्टँडर्ड आवृत्ती मिळतेच. ती आम्ही चार वर्षे वापरली नव्हती, ही गोष्ट मी फारशी कुणाला सांगत नाही. यात व्हॉल्टमधली, म्हणजे तिच्या सामायिक कोठारातली, फाइल सर्वांना रीड ओन्ली असते, चेक आउट करणाऱ्याचे, म्हणजे ती बदलण्यासाठी स्वतःकडे घेणाऱ्याचे, नाव सगळ्यांना दिसते आणि 'अ‍ॅप्रूव्ह्ड' अवस्थेत गेल्यावर तर ज्याने ड्रॉइंग काढले त्यालाही ते बदलता येत नाही. नवी रिव्हिजन उघडावी लागते. अण्णांची वही आणि खण परत आले, असे मला वाटले. त्रास एकच: कुणी चेक आउट करून गावी गेले की फाइल त्याच्यासोबत गावी जाते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर चेक आउट रद्द करू शकतो, पण त्या माणसाच्या संगणकावर राहिलेले बदल त्यामुळे व्हॉल्टमध्ये येत नाहीत.

चौथ्या गोष्टीसाठी मात्र पीडीएमनेही काही केले नाही. विंडोजमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजखाली 'ओनर' म्हणून जे नाव दिसते ते फाइल डिस्कवर कुणाच्या खात्यातून आली एवढेच सांगते. आमच्या कित्येक फायलींवर ते नाव 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स' असे आहे. म्हणून आम्ही पीडीएममधल्या प्रत्येक असेंब्लीच्या डेटा कार्डावर, म्हणजे तिच्या माहितीच्या तक्त्यावर, 'जबाबदारी' असा एक रकाना वाढवला, ज्यात एकाच माणसाचे नाव असते, दोघांचे चालत नाही. यावर मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलमध्ये मोठा वाद झाला, कारण पॅनेल बसवायची प्लेट दोघांनाही आपली वाटत होती. शेवटी प्लेट मेकॅनिकलकडे आणि तिच्यावरच्या भोकांचे स्केच इलेक्ट्रिकलकडे, असे दोन फायलींत तोडले.

गेल्या महिन्यात रजेवर जाण्याआधी मी माझ्या नावावरच्या फायलींची यादी काढली. एकवीस निघाल्या. त्यांतल्या तीन स्टँडर्ड पार्टांच्या लायब्ररीतल्या होत्या, ज्या विभागातला प्रत्येक जण रोज वापरतो, आणि त्या माझ्या जबाबदारीत आहेत हे मलाच ठाऊक नव्हते.